आक्का विरुद्ध धुण्याचं मशीन

मी धुण्याची मशीनं विकायचो तेव्हा गिऱ्हाईक पहिला प्रश्न ठरलेला विचारायचं, "तुमच्या घरी हाय काय?" या प्रश्नाला मी इतक्या परींनी खोटं बोललोय की आता सत्तरी ओलांडल्यावर एकदा खरं सांगून मोकळा होतो. नव्हतं. आमच्या घरी धुणं माझी बायको जैतून धुवायची आणि मी रविवारी तिला दोन बादल्या भरून द्यायचो. एवढ्यावर मी घरात मिरवायचो. तिनं एकदा मशीनचा विषय काढला, तर मी आमच्या दोघांचं धुणं काट्याला लावून दाखवलं की बघ, हे दोन किलोसुद्धा भरत नाही, यासाठी मशीन म्हणजे निव्वळ उधळपट्टी. तिनं काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि धुणं उचलून मोरीत गेली. हे आठवलं की आजही मला माझाच राग येतो.

माझं नाव बाबालाल मुल्लाणी. मूळ काम मोटार वाइंडिंगचं, म्हणजे विहिरीवरच्या पंपाची मोटार जळली की तिच्यातली तांब्याची तार काढून नवी भरायची. कोल्हापूरच्या आसपास ऊस उदंड, त्यामुळे मोटारीही उदंड जळायच्या. ऐंशीच्या दशकात, टीव्हीवर रंग आले त्याच्या आगेमागे, आमच्या मालकांनी शाहूपुरीतल्या दुकानात धुण्याची मशीनं आणून मांडली. मशीन म्हणजे शेवटी मोटारच, असा हिशेब करून त्यांनी मला पान्हे खाली ठेवायला लावले आणि अंगात इस्त्रीचा शर्ट चढवला. काम तिहेरी होतं. मशीन विकायचं, घरी नेऊन चालवून दाखवायचं आणि बिघडलं की दुरुस्त करायचं. विकताना मारलेल्या थापा नंतर मलाच निस्तराव्या लागायच्या, म्हणून मी हळूहळू थापा कमी केल्या.

त्या काळातलं मशीन म्हणजे शेजारीशेजारी दोन डबे. पहिल्यात पाणी, पावडर आणि कपडे घालायचे. तळाला एक चकती असते, ती एकदा इकडून आणि एकदा तिकडून फिरते आणि कपडे घुसळून काढते. धुऊन झाले की कपडे हातानं उचलून दुसऱ्या डब्यात टाकायचे, तो गरागरा फिरून पाणी पिळून काढतो. त्याला सगळे ड्रायर म्हणायचे. पाणी आपणच भरायचं आणि आपणच सोडायचं. बघायला आलेल्या बायका एवढं ऐकून म्हणायच्या, "म्हंजे सगळं आमीच करायचं की." त्यात तथ्य होतं. पण घासणं, आपटणं आणि पिळणं या तीन गोष्टी वाचत होत्या, आणि भिजलेली सोलापुरी चादर ज्यानं एकट्यानं पिळलीय त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

मशीन निवडायचं कसं, याची माझी एक पद्धत होती आणि तिच्यापायी मालक कायम वैतागलेले असायचे. गिऱ्हाईक दुकानात आलं की रंग विचारायचं, झाकण वाजवून बघायचं, शेजाऱ्यांनी कुठलं घेतलंय ते विचारायचं. मी म्हणायचो, आधी तुमचं धुणं दाखवा. मग पिशवीत ताणकाटा टाकून त्यांच्या घरी जायचो, एका दिवसाचं धुणं पोत्यात भरून काट्याला टांगायचो आणि मोरीचा नळ, मोरीचा उतार, विजेचा बोर्ड हे सगळं बघायचो. धुणं सुकंच तोलायचं, ओलं तोललं तर भलतंच भरतं. जेवढं भरेल त्याहून थोडं मोठं मशीन घ्यायचं, पण फार मोठं नाही, कारण अर्धं रिकामं मशीनसुद्धा वीज खायची तेवढीच खातं. माझ्या या तपासणीनंतर बरीच गिऱ्हाइकं लहान मशीन घ्यायची आणि काही घ्यायचीच नाहीत. मालक म्हणायचे, "मुल्लाणी, तुला इकायला ठेवलाय का इकत घेऊ नगा म्हणून सांगायला?"

काही गिऱ्हाइकांपुढे मात्र काट्याचं काही चालायचं नाही. राजारामपुरीत एक रिटायर्ड हेडक्लार्क होते. त्यांनी मशीन दिवाणखान्यात ठेवलं, वर विणलेलं कापड घातलं, कापडावर फुलदाणी ठेवली आणि बाजूच्या खुर्चीत स्वतः बसले. मी वर्षानं सर्व्हिसिंगला गेलो तर डबा कोरडा ठणठणीत. विचारलं तर म्हणाले, "वापरलं की झिजतं हो." ते दर खंडेनवमीला त्याची पूजा करायचे, हार घालायचे, आणि खाली मोरीत त्यांची बायको कपडे आपटत असायची. मी त्या माउलीकडे बघून नुसता मान खाली घालून निघून यायचो. माझ्या घरी वेगळं काय होतं?

वापरायचं शास्त्र साधं होतं. डबा गच्च भरायचा नाही, कपड्यांत हात घातला तर तो सहज फिरला पाहिजे. पावडर मापानं घालायची, कारण फेस वाढला म्हणून कपडा उजळत नाही, खळबळायला पाणी तेवढं जास्त लागतं. आधी पांढरे कपडे, मग त्याच पाण्यात रंगीत, शेवटी शेतातले. आणि ड्रायरमध्ये कपडे चारी बाजूंनी सारखे दाबून बसवायचे.

हा शेवटचा नियम शुक्रवार पेठेतल्या एका घरानं मोडला. ड्रायरमध्ये एका अंगाला भिजलेली गोधडी कोंबली आणि खटका ओढला. मशीन थडथडा नाचत मोरीतून बाहेर आलं, स्वयंपाकघराचा उंबरा त्याला चढता येईना म्हणून तिथंच धडका देत राहिलं. मी पोचलो तेव्हा घरातली सगळी मंडळी माडीवर होती आणि मशीनपुढे लिंबू आणि नारळ ठेवलेला होता. आजोबा वरून त्याला विचारत होते, "कोण हायस तू? काय पायजे तुला?" मी प्लग काढला, गोधडी काढली, पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. आजोबा खाली येऊन मला नमस्कार करायला लागले. मी त्यांना काही समजावून सांगितलं नाही, ही माझी चूक. त्यानंतर वर्षभर त्या पेठेतून मला भलत्याच कामांसाठी बोलावणी येत होती.

पण खरी परीक्षा झाली ती कळंब्याला.

कळंब्याच्या तानाजी चौगुलेच्या विहिरीवरची मोटार मी तीनदा भरली होती. एके दिवशी तो दुकानात आला तेव्हा मी विचारलं, "परत जळली व्हय?"

तो मागं वळून बघत हळू आवाजात म्हणाला, "मोटार बेस हाय. घरात मात्र मोटार जळलीया म्हणूनच सांगून आलोय."

मग त्यानं खरं काय ते सांगितलं. त्याची बायको सुनंदा हिच्या हाताला सोडा सोसत नव्हता. घरात अकरा माणसं. शेतातले कपडे, म्हशींच्या पेंडीची पोती, पोराबाळांची दुपटी असं सगळं धुणं विहिरीवर सोडा आणि साबण लावून व्हायचं. तिच्या दोन्ही तळहातांना भेगा पडल्या होत्या, बोटांच्या पेरांतून रक्त यायचं आणि भाकरी थापताना पिठाला डाग लागायचे. शहरातल्या चामडीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की सहा महिने सोड्यात आणि साबणात हात घालायचा नाही, नाहीतर बोटं कायमची आखडतील. तानाजीनं मशीन घ्यायची तयारी केली होती. अडचण एकच होती, ती म्हणजे त्याची आई.

तानाजीच्या आईचं नाव हौसाबाई, सगळा गाव त्यांना आक्का म्हणायचा. साठी केव्हाच उलटलेली, उंच, हाडापेरानं मजबूत. त्यांच्या धुण्याचं गावात नाव होतं. लग्नाला जाताना लोक आपलं धोतर आक्कांच्या धोतराशेजारी धरून बघायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं, की सोड्यानं हात फुटत असते तर पहिल्यांदा त्यांचे फुटले असते. सुनेला सोडा सोसत नाही, याचा अर्थ तिला काम सोसत नाही. मशीन घरात आलं की सून गादीवर बसणार आणि तिच्या मागनं सगळ्या गावाच्या सुना बसणार.

मी मोटार बघायला म्हणून कळंब्याला गेलो आणि तानाजीनं सुचवल्याप्रमाणे घरामागच्या परड्यात गुपचूप धुणं तोलायला लागलो. दुसऱ्या पोत्याला काटा लावला तोच आक्का समोर उभ्या.

"मोटार इहिरीत हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय आक्का."

"मग हितं माझं लुगडं काट्याला का लावलायस?"

मी म्हटलं, मोटारीवर किती ताण येतो ते बघतोय. आक्कांनी माझ्याकडे एवढ्या दयेनं बघितलं की मी सगळं कबूल केलं. दारात सुनंदा वहिनी उभ्या होत्या, हात पदरात गुंडाळून. आक्काच बोलल्या, आणि इथं बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो की आमच्या कोल्हापूरकडच्या बाया स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात.

"आण तुझं मिशिन," आक्का म्हणाल्या. "ऐतवारी आण. एकीकडं ते धुऊंदे, एकीकडं मी धुतो. ज्याचं धुणं पांढरं त्याचं खरं. ते हरलं तर त्याच टेम्पोतनं माघारी न्हेयाचं, आनी परत ह्या घरात मिशिनचं नाव काढायचं न्हाय."

"आनी जितलं तर?" तानाजीनं विचारलं.

"जितलं तर बघू," असं म्हणून आक्का आत गेल्या.

कोल्हापूरच्या मातीत कुठलाही वाद चार वाक्यांच्या पुढं गेला की त्याची कुस्ती होते. रविवारी सकाळी मी टेम्पोतून मशीन घेऊन पोचलो तर चौगुल्यांच्या परड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका कट्ट्यावर, बाप्ये भिंतीवर, काही जण चिंचेच्या फांदीवर. तालमीतला हलगीवाला हलगी तापवत बसला होता. पंच म्हणून गुंडू वस्तादांना बसवलं होतं. गुंडू वस्ताद म्हणजे गावच्या तालमीचे कारभारी. पिळदार मिशा, मोडलेले कान आणि डोक्याला पांढराशुभ्र फेटा. त्यांच्यासमोर कुणी उलट बोलायचं नाही, असा दंडक होता.

वस्ताद मशीनभोवती दोनदा फिरले. त्याच्या बाजूला थोपटून बघितलं. मग मला विचारलं, "वजन किती?"

मी सांगितलं की मशीन एका वेळी अडीच किलो सुकं धुणं घेतं.

"मग जोड तेवढ्याचीच लावायची. आक्कालाबी अडीच किलो."

मी दोन्ही ढिगारे सगळ्यांसमोर काट्यावर तोलले. दोन्हीकडे धोतरं, पैरणी, टोप्या आणि पंचे, सगळं पांढरं. मशीनकडच्या ढिगात पाव किलो कमी भरत होतं, तेव्हा वस्तादांनी डोक्याचा फेटा सोडून त्यात टाकला. टाळ्या पडल्या. एवढा मान दुसऱ्या कुठल्या मशीनला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

मी मशीनची झाकणं उघडून ठेवली आणि घरात बोर्डापाशी गेलो, कारण वायर लांबून ओढली होती आणि मला अर्थिंगची खात्री करायची होती. तेवढ्या दोन-चार मिनिटांत बाहेर काय झालं ते मला नंतर कळलं. बाहेर आलो, गर्दीकडे बघतच डब्यात पाणी सोडलं, मापानं पावडर घातली, कपडे घातले आणि तयार आहे म्हणून वस्तादांना सांगितलं. हलगी कडाडली. वस्तादांनी पुकारा केला, "हौसाबाई चौगुले, कळंबा, आनी समोर, दुकानचं मिशिन."

आक्कांनी कासोटा घट्ट केला आणि पहिलं धोतर दगडावर आपटलं. तो आवाज मी विसरणार नाही. चार आपट्या, एक पालटी, परत चार आपट्या, मध्ये साबणाचा हात. दम नाही की थांबणं नाही. इकडे माझं मशीन घूं घूं करत होतं. मशीन कामात असताना बघायला काहीच नसतं, हा त्याचा मोठा दोष. लोक सगळे आक्कांकडे बघत होते. मी झाकण किलकिलं करून आत डोकावलो.

फेस लाल झाला होता. गुलाबी नाही, चांगला विटेसारखा लाल. मी आधी समजलो की कुणाचा तरी रंगीत कपडा आत गेला. हात घालून चाचपलं, एकही नव्हता. मी ते पाणी सोडून दिलं, दोनदा खळबळून काढलं, ड्रायरमध्ये कपडे सारखे बसवून पिळले. पाणी निवळत गेलं, कपडे निवळले नाहीत. वस्तादांनी पुढं होऊन पहिला हात घातला आणि स्वतःचा फेटा बाहेर काढला. तो लग्नातल्या नवऱ्याच्या फेट्यासारखा झाला होता.

परडं हसून हसून कोलमडलं. चिंचेवरून एक जण खाली पडला. तिकडे आक्कांनी शेवटची टोपी पिळून दोरीवर टाकली. त्यांची दोरी उन्हात डोळ्यांत भरत होती आणि माझी दोरी शिमगा खेळून आल्यासारखी दिसत होती. वस्तादांनी आक्कांचा हात वर केला. हलगीवाल्यानं फेर धरला. टेम्पोवाल्यानं मला विचारलंही नाही, त्यानं मागचं फळकं पाडून दोर सोडायला घेतला.

मी दाराकडे बघितलं. सकाळपासून तिथं उभ्या असलेल्या सुनंदा वहिनी आता नव्हत्या. त्या चौकटीतून मागं सरकून आत अंधारात उभ्या होत्या, आणि मी बघतोय हे कळल्यावर त्यांनी पदरातले हात आणखी आत ओढून घेतले. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी आयुष्यात एवढी मशीनं विकली, पण ज्या घरात मशीन खरोखर पाहिजे होतं तिथंच मी माती खाल्ली, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

तेवढ्यात आक्का माझ्या दोरीपाशी आल्या. एक टोपी उचलली, नाकाशी धरली, मग तिच्यावर साबणाचा तुकडा घासला. साबण लागला तिथं टोपी आणखी लाल झाली.

"ही हाळद हाय," त्या म्हणाल्या. "हाळदीला साबण लागला की लाल हुतीया. मिशिनात हाळद कुणी घातली?"

मी शपथ घेऊन सांगितलं की माझ्याकडे पावडरीशिवाय काही नाही. मग गुंडू वस्ताद खाकरले.

"हाळद न्हाय घातली," ते म्हणाले. "माती लावली."

"कसली माती?"

"तालमीतली. जोड सुटायच्या आधी दोघांस्नी माती लावायची, रीतच हाय की. तुझ्या दंडाला न्हाय का लावली? तशी त्याच्याबी पोटाला लावली. चांगल्या दोन मुठी लावल्या."

आता तालमीची माती म्हणजे रस्त्यावरची माती नव्हे. तांबडी माती चाळून तिच्यात तेल, ताक, लिंबू, कापूर घालतात आणि पैलवानाच्या जखमा चिघळू नयेत म्हणून हळद घालतात. कळंब्याच्या तालमीची माती त्याच आठवड्यात नवी मळली होती, आणि वस्तादांनी हळद सढळ हातानं घातली होती, हे त्यांनीच तिथं अभिमानानं सांगितलं. मी आत बोर्ड तपासत होतो तेव्हा त्यांनी रीतसर दोन मुठी डब्यात सोडल्या होत्या. माती पाण्याबरोबर गेली, हळद राहिली आणि माझ्या पावडरीनं तिला रंग चढवला. दुकानात मला शॉक कसा टाळायचा, पट्टा कसा बदलायचा हे सगळं शिकवलं होतं. तालमीच्या मातीबद्दल कुणी काही बोललं नव्हतं.

आक्कांनी टोपी बादलीत टाकली. "डोळ्यात माती टाकून पाडलेली कुस्ती मला नगं," त्या म्हणाल्या. "वस्ताद, हात खाली घे माझा."

"आक्का, निकाल लागला," वस्ताद म्हणाले.

"कसला निकाल? वलं धुणं बघून निकाल देतोस व्हय? धुणं वाळल्याबिगार पांढरं का काळं कळतंय? मिस्त्री, निवळ पाण्यातनं परत काढ सगळं आनी उन्हात घाल. हाळद उन्हानं मरती."

हे मला माहीत नव्हतं. तिथल्या एकूण एक बाईला माहीत होतं. मी कपडे पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढले, लाल रंग उतरून पिवळा झाला, आणि मी ते दोरीवर ताणून घातले. मग सगळा गाव धुणं वाळायची वाट बघत बसला. चहा झाला, चिरमुरे झाले. ऊन कडक होतं. कुणीतरी दर थोड्या वेळानं उठून दोरीपाशी जायचं आणि ओरडून सांगायचं, "उतराय लागलाय, उतराय लागलाय." दुपार कलली तेव्हा धोतरं पांढरी झाली होती. टोप्या झाल्या होत्या. फेट्याला मात्र घडीघडीत फिकट पिवळी झाक राहिली. वस्तादांनी तो डोक्याला गुंडाळला, शेजाऱ्याकडून कसा दिसतो ते विचारून घेतलं आणि म्हणाले, "असू दे. तोंड उजळ दिसतंय."

मग निकाल. वस्तादांनी दोन्हीकडच्या पैरणींच्या कॉलरी उलटून बघितल्या, धोतरांचे काठ बघितले, पंचे नाकाला लावले. त्यांनी बराच वेळ मिशी चोळली आणि कुस्ती बरोबरीत सुटली असं जाहीर केलं. बरोबरी झाल्यावर काय करायचं ते मात्र आधी कुणी ठरवलं नव्हतं. टेम्पोवाला दोर हातात घेऊन उभाच होता.

आक्का मशीनपाशी आल्या. त्यांनी झाकणावर हात ठेवला आणि मला विचारलं, "मिस्त्री, आता ह्यात आनी येक ढीग घातला तर हे धुईल?"

"धुईल की आक्का."

"लगीच? दम न खाता?"

"लगीच. त्याला दम लागत न्हाय."

आक्कांनी झाकणावरचा हात काढला. मग त्या दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी दमलो बघ."

त्या हे कुणाला उद्देशून बोलल्या मला माहीत नाही. तानाजी मला नंतर म्हणाला की जन्मात त्यानं आईच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. सुनंदा वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आक्कांनी तांब्या घेताना त्यांची बोटं धरली, भेगा पडलेला तळवा उलटा करून उन्हात नीट बघितला आणि तांब्या बाजूला ठेवून दिला. मग टेम्पोवाल्याला म्हणाल्या, "ते दोर गुंडाळ. मिशिन कुठं जात न्हाय."

मशीन राहिलं. आक्कांनी माझ्याकडून सगळे नियम ऐकून पाठ केले, आणि इतकं कडक गिऱ्हाईक मला पुन्हा भेटलं नाही. मशीनच्या पावडरीला त्या खुराक म्हणायच्या आणि चमच्याला चमचा मोजून द्यायच्या. डबा कुणी गच्च भरला तर ओरडायच्या, "उरावर किती बसवतोस त्येच्या?" पोत्यांना त्या मशीनपाशी येऊच देत नव्हत्या, ती त्या स्वतः दगडावर आपटायच्या, हाताची सवय मोडायला नको म्हणून. आणि सुनेला पाणी भरायचं, खटका फिरवायचा, एवढंच. पावडरीच्या पाण्यात हात घालायची वेळ आली की तिला मागं सारून कपडे त्या स्वतः काढायच्या. हे सगळं मला तानाजी मोटारीच्या निमित्तानं दुकानात येऊन सांगायचा. त्याला आता खोटं बोलायची गरज नव्हती, पण सवय लागली होती.

पुढच्या उन्हाळ्यात मी सर्व्हिसिंगला कळंब्याला गेलो. मशीन उघडून बघितलं तर करायला काही नव्हतं, पट्टासुद्धा ताठ होता. तरी आक्कांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. घरात शिरलो तशी तिखटाच्या ठसक्यानं शिंक आली. वर्षाची चटणी करायचे ते दिवस. आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षभर कालवणात पडणारा तिखटाचा मसाला. गिरणीतल्या डंकावरून कुटून आणलेली मिरची, भाजलेला कांदा, लसूण, खोबरं, सगळं तेलात हातानं मळायचं असतं. धडधाकट माणसाच्या हाताची त्यानं दोन दिवस आग होते. आदल्या साली या घरची चटणी आक्कांनी एकटीनं मळली होती.

या वेळी परातीपुढे सुनंदा वहिनी बसल्या होत्या. बाह्या वर सारलेल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत लालभडक चटणीत. शेजारी बसून आक्का त्यांना सांगत होत्या की तेल आणखी घाल, तळातनं वर घे, आणि वहिनी ऐकून न ऐकल्यासारखं करत मळत होत्या. मला बघून त्यांनी नमस्कारासाठी हात जोडायला घेतले आणि मग कसे आहेत ते आठवून हसल्या. त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर तसेच उघडे धरले. बोटं सरळ होती. भेग एकही नव्हती.

"वहिनी, आग हुत न्हाय काय?" मी विचारलं.

"हुतीया की मिस्त्री," त्या म्हणाल्या. "पन सगळ्यांच्या हाताला हुती तेवढीच."